शेवटच्या शॉटमधला मानपान

मंगळवारी सकाळी देवयानी इंगवलेच्या फिल्ममधली इस्त्री रुसली.

तसं पाहिलं तर यात नवल काही नव्हतं. कोल्हापुरातल्या त्या अ‍ॅनिमेशनच्या संस्थेत शेवटच्या वर्षाच्या फिल्म पुऱ्या व्हायची वेळ आली, की काही ना काही रुसतंच. मागच्या वर्षी एकाची बैलगाडी रुसली होती, त्याच्या आदल्या वर्षी एकीचा अख्खा समुद्र. रुसलेली वस्तू ओळखायला अवघड नसते. कंप्युटर हिशेब करून एकेक चित्र, म्हणजे एकेक फ्रेम, रंगवून देतो. त्याला रेंडर म्हणतात. सावलीतली वस्तू रेंडरमध्ये काळसर येते, पण तिचे कंगोरे दिसतात. रुसलेली वस्तू नुसती काळी येते, चित्राला त्या जागी कुणी भोक पाडावं तशी. देवयानीने सकाळी लॅबमध्ये येऊन शेवटच्या शॉटची फ्रेम उघडली, तेव्हा शिंप्याच्या दुकानात सगळं जागच्या जागी होतं, आणि कोपऱ्यातल्या टेबलावर इस्त्रीच्या आकाराचं भोक होतं.

फिल्म होती एका बुजगावण्याची. जन्मभर दुसऱ्यांचे टाकलेले सदरे घालून कंटाळलेलं एक बुजगावणं शेतातून उठतं, चालत गावात येतं आणि बाबू टेलरकडे स्वतःच्या मापाचा सदरा शिवून घेतं. शेवटच्या शॉटमध्ये ते नवा सदरा घालून आरशासमोर उभं राहतं. दारातून सकाळचं ऊन येतं, त्याच्या मडक्याच्या डोक्यावर पडतं, आणि चुन्याने काढलेले ते दोन डोळे पहिल्यांदा कुणाच्या तरी चेहऱ्यातले डोळे वाटतात. एवढंच. पण ते एवढंच दिसावं म्हणून देवयानीने बाकीची फिल्म केली होती. शनिवारी परीक्षक येणार होते. सोमवारी तिला पुण्याच्या एका स्टुडिओत रुजू व्हायचं होतं, आणि त्या लोकांनी आधीच बजावलं होतं की पास होऊन या आणि येताना मागचे रुसवे घेऊन येऊ नका. ज्यांची फिल्म अपुरी राहते त्यांचं वर्ष जातं. हेरंब ढवळे याच्या फिल्ममधला पडदा दोन वर्षांपूर्वी रुसला होता, तो अजून मानलेला नव्हता, आणि हेरंब अजून शेवटच्या वर्षातच होता. आताशा तो लॅबमध्ये चहाची व्यवस्था बघे आणि इतरांना सल्ले देई.

प्रकाशयोजना शिकवायला म्हसकर मॅडम होत्या. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून फ्रेम जवळून पाहिली.

"रुसवा आहे. फुगवा नाही," त्या म्हणाल्या. "फुगली असती तर मोठी आली असती. बोलावणं कसं केलं होतंस?"

देवयानीने मान खाली घातली. कुठल्याही शॉटमध्ये दिवा लावण्याआधी त्यातल्या प्रत्येक वस्तूला वेगळं बोलावणं करायचं, हा पहिल्या वर्षाचा धडा. एकेका वस्तूपाशी जायचं, नाव घ्यायचं आणि उजेडाला अगत्य यायचं म्हणून सांगायचं. देवयानीने घाईघाईत दुकानातलं सगळं एकदम निवडलं होतं आणि एका क्लिकमध्ये बोलावणं उरकलं होतं. हल्ली लग्नाची पत्रिका मोबाइलवर पाठवून मोकळे होतात, तसं.

"मग तर ती आली हेच उपकार," मॅडम म्हणाल्या आणि पुढच्या मुलाकडे वळल्या.

रुसलेल्या वस्तूशी बोलण्याची पद्धत ठरलेली आहे. रेंडरचं बटण दाबण्याआधी आपलं म्हणणं सांगायचं. फ्रेम पुरी झाली की उत्तर मिळतं. देवयानीच्या एका फ्रेमला चहा उकळून गाळेपर्यंतचा वेळ लागे, त्यामुळे संभाषण सावकाश चाले. त्या दिवसात तिने इस्त्रीची अनेक प्रकारे माफी मागितली. पितळेची इस्त्री, कोळशाची, वर कोंबड्याच्या आकाराची कडी. देवयानीने ती दोन महिने खपून स्वतःच्या हाताने घडवली होती, हेही तिने सांगून पाहिलं. प्रत्येक वेळी पहिला चहा ती स्क्रीनपुढे ठेवी, कारण रुसलेल्याच्या आधी आपण चहा घेणं बरं दिसत नाही. उत्तर मात्र एकच येई.

"आमचं काही म्हणणं नाही."

लॅबमधल्या सगळ्यांना कळून चुकलं की प्रकरण गंभीर आहे. म्हणणं असलेल्या माणसाचं काहीतरी करता येतं. म्हणणं नसलेल्यापुढे ब्रह्मदेवही हात टेकतो.

शेवटी हेरंबने कानमंत्र दिला. तिला तिचा स्वतःचा एक दिवा दे, म्हणाला. लहानसा, पिवळसर, कुणाच्या लक्षात येणार नाही असा. देवयानीने तो लावला. पुढच्या फ्रेममध्ये इस्त्री झळझळीत पितळेची होऊन बसलेली होती आणि तिच्यावरचा कोंबडा नुकत्याच आरवलेल्या कोंबड्यासारखा दिसत होता. देवयानीने हेरंबला वडापाव खाऊ घातला. तिने तेव्हाच विचारायला हवं होतं की याला एवढं कळतं तर याचा पडदा दोन वर्षं काळा का आहे.

बुधवारी कात्री रुसली. इस्त्रीला वेगळा दिवा आणि कापड कापणारीला नाही, हे तिला लागलं होतं. तिला दिवा दिला. लगेच शिंप्याच्या गळ्यातली टेप रुसली, कारण ती मालकाच्या अंगाखांद्यावरची, आणि कात्री काय, गल्ल्यात पडून असते. टेपला दिवा दिला. मग गुंड्यांची बरणी. मग शिलाई मशीनचं चाक. मशीन स्वतः समजूतदार होतं, चाक नव्हतं. स्टूल रुसलं नाही, फुगलं. ते इतकं फुगलं की त्याचा एक पाय भिंतीतून पलीकडे गेला आणि बुजगावण्याला उभं राहायला जागा उरेना. त्याला दोन दिवे द्यावे लागले, तेव्हा ते मूळ मापावर आलं. दुपारपर्यंत ज्या खिळ्याला कॅलेंडर अडकवलं होतं त्या खिळ्यालासुद्धा दिवा होता. कॅलेंडरला नव्हता, म्हणून मग कॅलेंडरलाही.

लॅबमधली मुलं आपापली कामं टाकून बघायला येऊ लागली. बाबू टेलरचं दुकान गुजरीतल्या सराफाच्या पेढीसारखं लखलखत होतं. कुठे सावली म्हणून उरली नव्हती. सगळ्या वस्तू फोटोला उभ्या राहिल्यासारख्या छाती काढून होत्या, आणि मधोमध आपलं बुजगावणं, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, ते पोळपाटासारखं सपाट दिसत होतं. सदरा कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते ते कळत नव्हतं. आणि एका फ्रेमला आता गुऱ्हाळावर रसाचा गूळ होऊन काहील उतरायला लागावा तेवढा वेळ लागत होता. तरी देवयानी हसत होती. कोणी रुसलेलं नव्हतं.

गुरुवारी सूर्य उठून गेला.

सूर्य म्हणजे दाराबाहेर लावलेला मुख्य दिवा, सगळ्यांत आधी मांडलेला. हिवाळ्यापासून तो एकटा ते दुकान सांभाळत होता. सकाळच्या फ्रेममध्ये दाराबाहेर काळोख होता. बराच शोध घेतल्यावर सूर्य जुन्या फायलींच्या फोल्डरमध्ये सापडला. टाकून दिलेल्या कच्च्या चित्रांमध्ये तो पाठ करून बसला होता. देवयानीने हात जोडून विनवलं. फ्रेमची काहील उतरली आणि उत्तर आलं.

"एवढे दिवे आहेत की. आमच्यावाचून काय अडलंय."

घाबरून तिने सगळे दिवे एकदम मालवले, म्हणजे सूर्याला बरं वाटेल. सूर्याला बरं वाटलं नाही, आणि दिवे काढून घेतले म्हणून बाकी सगळे रुसले. तिने दिवे परत लावले. दिवे जळत होते, पण उजेड कुणावरच पडत नव्हता. इस्त्री, कात्री, टेप, बरणी, चाक, स्टूल, खिळा, कॅलेंडर, सगळं दुकान भोकंच भोकं. दिसत होता तो फक्त आरसा. तो इंटरनेटवरून फुकटात उतरवून घेतलेला होता, त्यामुळे त्याला मानापमान ठाऊक नव्हता.

म्हसकर मॅडमनी देवयानीला खोलीत बोलावलं. मुख्य दिवाच मांडवातून उठून गेला की संस्थेतल्या कुणाच्या हातात काही राहत नाही, तिऱ्हाईत माणूस आणावा लागतो, असं त्यांनी शांतपणे समजावलं. देवयानी म्हणाली की माझी आई फार छान समजूत काढते.

"समजूत काढणारा नको," मॅडम म्हणाल्या. "ते आपल्याकडे ढिगाने आहेत. रुसण्यात मुरलेला माणूस हवा. रुसलेल्याला काय हवं असतं ते फक्त त्यालाच कळतं. तुमच्या घरात कोणी आहे का असं?"

देवयानीला विचार करावा लागला नाही.

रंगरावकाका म्हणजे तिच्या शालनआत्याचे यजमान, इंगवल्यांच्या घरचे थोरले जावई. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर त्यांनी नोकरी केली, आणि निवृत्त झाल्यावरही समोरच्याने मान दिला तर तो किती भरला हे त्यांना नजरेनेच कळे. घरातलं एकही कार्य त्यांच्या रुसव्याशिवाय पार पडलं नव्हतं. देवयानीच्या आईवडिलांच्या लग्नात ते फेट्याच्या रंगावरून रुसले. बारशात पेढ्यावरून. मुंजीत तर ते रुसून तरातरा निघाले ते चुकून शेजारच्या कार्यालयात जाऊन बसले. तिथे कुणा परक्याचं लग्न होतं. त्या लोकांनी हा कोण म्हणून विचारलंसुद्धा नाही. चार जणांनी मिळून त्यांची समजूत काढली, पंगतीत बसवलं, टॉवेल-टोपी आणि नारळ दिला. काका अजूनही त्या कुटुंबाचं नाव आदराने घेतात.

यावेळी देवयानीने चूक केली नाही. संध्याकाळी ती आत्याच्या घरी गेली, काकांना पाटावर बसवून त्यांच्या हातावर अक्षता आणि सुपारी ठेवली, आणि उद्या लॅबमध्ये अगत्याने यायचं म्हणून पाया पडली. काका म्हणाले, फोनवर सांगितलं असतंस तरी आलो असतो. आत्याने आतून एक नुसताच आवाज काढला.

शुक्रवारी सकाळी काका इस्त्रीचा पांढरा सदरा आणि काळी टोपी घालून लॅबमध्ये आले. देवयानीने खुर्ची पुसून दिली. काकांनी स्क्रीनकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा एखाद्या पैलवानाने दुसऱ्याची मांडी पाहावी तसा झाला.

"लई भारी रुसलीय ही," ते हळूच म्हणाले. "कडंला जरासुद्धा उजेड नाही बघ. आमच्या वडलांना जमायचं असं."

मग त्यांनी घसा साफ केला, इस्त्रीची विचारपूस सुरू केली आणि देवयानीला बटण दाबायला सांगितलं. एकेका प्रश्नाला काहील उतरण्याची वाट बघावी लागत होती, पण काकांना घाई नव्हती. वजनकाट्यावर उसाच्या गाड्यांची रांग बघत त्यांचा जन्म गेला होता. त्यांनी वजन विचारलं, पितळ कुठलं ते विचारलं, दुकानात किती वर्षं आहात ते विचारलं. आणि तीन दिवस काही म्हणणं नसलेली इस्त्री बोलती झाली. तिने सांगितलं की या दुकानात सर्वांत थोरली ती. शिंप्याच्या बापाने तिला आणलं. बुजगावण्याचा सदरा कडक दिसतो तो तिच्यामुळे. आणि ऊन येतं ते तिला ओलांडून थेट आरशावर जातं. आरसा, जो परवा आला.

"बरोबर आहे," काका म्हणाले.

देवयानी चपापली. पुढच्या फेरीत इस्त्रीने सांगितलं की सूर्याने आत आल्यावर आधी तिला भेटावं, मग इतरांना.

"रास्त आहे," काका म्हणाले.

"काका, ऊन आधी तिच्यावर पडलं तर बुजगावण्याचा चेहरा अंधारात जाईल," देवयानी कळवळून म्हणाली. "फिल्मच त्या चेहऱ्यावर आहे. तुम्ही आमच्या बाजूचे आहात ना?"

"बाजूचा प्रश्न नाही, पोरी. मी सांगतो, ह्या बाईंचं चुकतंय कुठं?"

त्यांना चुकलेलं सापडेना. कात्रीचं ऐकून घेतल्यावर कात्रीचंही चुकलेलं सापडेना. स्टुलाशी बोलल्यावर काकांनी डोळे पुसले. दुपारपर्यंत असं झालं की दुकानातल्या प्रत्येकाची आधी एकच तक्रार होती, ती आता काकांनी नीट मांडून दिल्यामुळे चार-चार झाली. लॅबमधली बाकीची मशीन्स रिकामी ठेवून मुलं थांबली होती. शेवटचा शॉट संध्याकाळपर्यंत रेंडर व्हायचा तर सगळ्यांच्या मशीनवर वाटून लावावा लागणार होता, आणि वाटायला काही नव्हतं. घड्याळाकडे कोणी बघत नव्हतं, म्हणजे सगळेच बघत होते.

त्यात हेरंब चहाचा ट्रे घेऊन आला. देवयानीने पहिला कप उचलला आणि स्क्रीनपुढे इस्त्रीसमोर ठेवला. मंगळवारपासून हाताला सवय लागली होती. दुसरा कप तिने काकांपुढे धरला.

काकांनी त्या पहिल्या कपाकडे पाहिलं. मग दुसऱ्या कपाकडे पाहिलं.

"नको," ते म्हणाले. "आत्ताच घेतलाय."

देवयानीचा हात तसाच राहिला. हे वाक्य ती कळत्या वयापासून ऐकत आली होती. यानंतर मांडवात काय काय होतं ते तिला पाठ होतं. तिने तो कप खाली ठेवायच्या आत काकांनी खुर्ची भिंतीकडे वळवली होती.

मग काका काळे पडू लागले. आधी चपला गेल्या, मग धोतराचा काठ, मग गुडघे. पांढरा सदरा बराच वेळ टिकून राहिला, पण तोही गेला. सगळ्यांत शेवटी टोपीखालचा पांढऱ्या केसांचा एक पट्टा दिसेनासा झाला. खुर्चीवर आता रंगरावकाकांच्या आकाराचं भोक होतं, आणि त्यातून मागची भिंतसुद्धा दिसत नव्हती.

म्हसकर मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला आणि सर्व बाजूंनी फिरून पाहिलं.

"संस्थेत हे पहिल्यांदाच होतंय," त्या म्हणाल्या. "पण काम स्वच्छ आहे."

हेरंबने पेढे आणले. मॅडमनी स्वतः दुसरा चहा करून आणला. मुलांनी आळीपाळीने माफी मागितली. एक काहील उतरायला लागतो तेवढ्या वेळाने भोकातून आवाज आला की आमचं काही म्हणणं नाही.

हेरंबने मग देवयानीला बाजूला घेऊन सांगितलं की पहिलं वर्ष जरा जड जातं, नंतर सवय होते, आणि चहाच्या कामात त्याला एक जोडीदार हवाच होता. तो चांगल्या मनाने बोलत होता, त्यामुळे ते जास्तच लागलं. देवयानी स्क्रीनसमोर जाऊन बसली. बुजगावण्याचा नवा सदरा त्या काळोखात कुठेतरी होता. तिने दिव्यांना हात लावला नाही, माफी मागितली नाही, काही वचन दिलं नाही. तिच्यात ते त्राणच नव्हतं. घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईपुढे बसावं तशी ती इस्त्रीपुढे बसली.

"बाई, माझ्याच्यानं आता होत नाही," ती म्हणाली. "आमच्या घरचे जावई रुसलेत. इथे आईसुद्धा नाही माझी. तुम्ही सगळ्यांत मोठ्या. आता काय करायचं ते तुम्हीच सांगा."

आणि तिने बटण दाबलं.

काहील उतरली.

"पहिला चहा त्यांना नाही का दिलास?" इस्त्रीने विचारलं.

"नाही."

"मग कुणाला दिलास?"

"तुम्हाला."

मग स्क्रीनमधल्या काळ्या भोकातून पितळेचा एक खणखणीत आवाज आला, आणि यावेळी तो फ्रेमसाठीसुद्धा थांबला नाही.

"अगं बाई. जावयाच्या आधी? आणि मी तो ठेवून घेतला? ऊठ गं कात्रे. टेपबाई, बसलात काय नुसत्या. दारात पाहुणा उपाशी बसलाय आणि आपण आपापलं तोंड फिरवून बसलोय, लोक काय म्हणतील. स्टूल कुठाय? अरे, तुझे दोन दिवे आहेत ना, दोन्ही घे. हं, हातासरशी सगळ्यांनी आपापले दिवे काढा. त्यांच्याकडे वळवा."

लॅबमधल्या सगळ्यांनी ते पाहिलं. स्क्रीनमधला पिवळसर दिवा, इस्त्रीचा, आधी हलला. तो आतून वळून बाहेर तोंड करून उभा राहिला आणि त्याचा उजेड काचेतून येऊन खुर्चीखाली पडला. काकांची एक चप्पल दिसू लागली. कात्रीच्या दिव्याने दुसरी चप्पल आणली. टेपने धोतराचा काठ, बरणीने गुडघे. स्टुलाने आपले दोन्ही दिवे दिले, तेव्हा पोटापर्यंत सदरा उजळला. खिळा लहान होता, पण त्याने नेमका टोपीवर उजेड टाकला. मांडवात घाई उडते तशी घाई उडाली. चाक मशीनला ओरडत होतं की हल, मला नीट वळता येत नाही. गुंड्या बरणीत उड्या मारत होत्या. एक दिवा हेरंबच्या कानाला चाटून गेला आणि तो उरलेला दिवस गुलाबी कानाने फिरला.

"कशाला, कशाला," काकांचा आवाज आला.

शालनआत्याच्या माहेरी सगळ्यांना ठाऊक आहे की हा शब्द दोनदा आला की निम्मं काम झालं.

"असं कसं, जावईबापू," इस्त्री म्हणाली. "चुकलं आमचं. जरा इकडं तोंड करून बसा. तुमच्या तोंडाकडं बघून आम्हाला घास उतरायचा."

"तुम्ही उगा त्रास घेताय."

"त्रास कसला. घरचंच आहे."

खुर्ची हळूहळू वळली. काका पूर्ण उजळलेले होते. इतके दिवे एकाच माणसावर कधी कुणी पाहिले नव्हते. त्यांच्या मिशीचा केसन्‌केस वेगळा दिसत होता. देवयानीने नवा चहा दोन्ही हातांनी पुढे केला आणि त्यांनी तो घेतला.

एवढी गडबड जुन्या फायलींपर्यंत ऐकू गेली होती. सूर्य दाराशी येऊन उभा राहिला आणि आत काय चाललंय म्हणून विचारू लागला.

"घरात पाहुणे आहेत," इस्त्रीने मान न वळवता सांगितलं. "आम्ही कामात आहोत. तुम्ही तिथंच दारात थांबा, आणि त्या मडक्यावर पडा जरा, त्याच्याकडं बघायला कुणी नाही."

सूर्य मुकाट्याने दारात थांबला आणि सांगितलं तिथे पडला.

म्हसकर मॅडम केव्हा देवयानीच्या मागे येऊन उभ्या राहिल्या ते तिला कळलं नाही. दोघी स्क्रीनकडे बघत होत्या. दुकानात एकटं सकाळचं ऊन होतं. ते दारातून आलं होतं, जमिनीवरून सरकत सदऱ्याच्या नव्या घडीवर चढलं होतं, आणि तिथून मडक्याच्या गालावर. चुन्याचे डोळे आरशात स्वतःला बघत होते. बाकी सगळं दुकान सावलीत होतं, पण कुणी काळं नव्हतं. कोपऱ्यात इस्त्री दिसत होती, तिची कडी दिसत होती, जमिनीवरून उडालेल्या उजेडाची एक बारीक कड तिच्या पितळेवर होती. तिच्याजवळ आता एकही दिवा नव्हता.

"रुसली नाही ती," देवयानी कुजबुजली.

"यजमान कधी रुसतो का," मॅडम म्हणाल्या. "बटण दाब."

एकच दिवा उरल्यामुळे फ्रेमा पटापट निघू लागल्या. सगळ्या मुलांनी आपापली मशीन्स लावली. काका मधोमध खुर्चीवर बसून पेढे खात होते आणि त्यांच्या उजेडात लॅबचे ट्यूबलाइट कुणी लावलेच नाहीत. दिवेलागणीच्या आत शॉट पुरा होऊन फिल्म जमा झाली. दुसऱ्या दिवशी परीक्षकांनी ती पाहिली आणि एवढ्या लहान वयात एका दिव्यावर थांबता येणं सोपं नाही असं ते म्हणाले. देवयानी पास झाली आणि सोमवारी पुण्याला रुजूही झाली.

शुक्रवारी निघताना तिने मॅडमना विचारलं की काकांवरचे दिवे परत फाइलमध्ये कसे घ्यायचे. मॅडमनी तिच्याकडे जरा आश्चर्यानेच पाहिलं. दिलेला आहेर परत घेत नाहीत, असं त्यांनी सांगितलं. हेरंबने काकांना माझ्या पडद्यासमोर एकदा येऊन बसाल का म्हणून विचारलं, तेव्हा काका म्हणाले की घरी येऊन रीतसर बोलावलंस तर विचार करू.

देवयानीने त्यांना स्कूटरवर मागे बसवून घरी आणलं. रस्ताभर समोरून येणारे लोक डोळ्यांवर हात धरून बाजूला होत होते, आणि काका मानेने सगळ्यांचे नमस्कार स्वीकारत होते. बोळात शिरल्यावर दोन बायकांनी त्यांना थांबवून त्यांच्या उजेडात सुईत दोरा ओवून घेतला. काकांनी त्यांना नाही म्हटलं नाही.

शालनआत्याने दार उघडलं. तिने नवऱ्याकडे टोपीपासून चपलांपर्यंत एकदा पाहिलं. जेवायला बसा म्हणाली, आणि वळून स्वयंपाकघरातला दिवा बंद केला.